चौथी खोली

मैत्रिणीचं घर मुरबाडच्या बाजूला, भातखाचरांच्या कडेला आहे. चार खोल्या आणि सगळ्यांचं मिळून एक स्वयंपाकघर. तीन वर्षांपूर्वी तिने आपल्या जमिनीवर ते बांधायला काढलं, तेव्हा पहिली खोली मलाच देऊ केली होती. "मला मुलगा आहे, वसतिगृहात कशाला राहू?" असं मी चारचौघांत म्हणाले. शाळेत बाई होते, त्याचा तोरा होता तो.

आता मुलगा बदलापूरला आणि मी आटगावला, एकटी. तिकडे मैत्रीण आणि तिच्यासारख्याच एकट्या दोघी, अशा तिघी राहतात. फोनवर बोलताना मागून हसण्याचा आवाज आला, की माझा अख्खा दिवस नासतो. खोटं कशाला बोलू, जळते मी.

गेल्या महिन्यात मनाशी ठरवून गेले. उरलेली चौथी खोली मागायचीच. ओटीवर मैत्रीण त्या दोघींतल्या एकीच्या डोळ्यात थेंब घालत होती. त्या बाईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं. तिची हनुवटी धरून मैत्रीण म्हणत होती, "हलू नको गो." माझ्या ऑपरेशननंतर मी आरशासमोर उभी राहून थेंब घातले होते, निम्मे गालावर. ती हनुवटी माझी असायला हवी होती.

जेवण झाल्यावर मी सवयीने उठले आणि माझं ताट घासलं.

"इथं आपलं ताट आपण घासत नाय," मैत्रीण म्हणाली. "लावणीला सावड करतात ना? आज तुमी आमच्या खाचरात, उद्या आमी तुमच्या. तसंच. तिचं मी घासते, माझं ती."

मला काय ठाऊक? हातात पगार होता, लावणीला मजूर लावले, सावडीला कधी गेलेच नाही. मी ओशाळले, आणि ओशाळले की माझी जीभ तिखट होते.

"मला कुणाचे उपकार नकोत," म्हणाले.

थेंब घातलेली बाई हळूच मैत्रिणीला म्हणाली, "मग ती खोली माझ्या बहिणीला देऊ या का?"

मैत्रिणीने माझ्याकडे बघितलं. "तुला नकोय ना?"

"मला कशाला? मुलगा नेणारच आहे मला."

"बरं," ती म्हणाली.

जेवताना एका भाकरीसाठी तिने मला तीनदा आग्रह केला होता. खोलीसाठी एकदाही केला नाही.