नारंगी ग्रहावर गजूचा दम तुटला

रविवारी दुपारी बोरगावला कबड्डीचे सामने होते आणि साउंड माझा होता. सोबत लग्नांत लावतो तो मोठा एलईडी स्क्रीनही नेला होता... सामन्यांसाठी नाही, आमच्या मृणालच्या गेमसाठी.

मृणाल माझी मुलगी. पुण्याची नोकरी सोडून घरी, सौंसरला आली आणि माडीवरच्या खोलीत बसून, नागपूरच्या एका मैत्रिणीसोबत व्हिडिओ गेम बनवून राहिली आहे. गेमचं नाव 'चढाई'.

गोष्ट अशी, की आपल्याकडची माणसं एका नारंगी ग्रहावर राहायला गेली आहेत. काचेच्या घुमटाखाली संत्र्याचे बगीचे आहेत, बाहेर मात्र हवा नाही. मैदानाच्या मध्ये रेघ, रेघेपलीकडे रोबोटांची टोळी, आणि गावाची हवा त्यांच्या ताब्यात. आपण जायचं, रोबोटला शिवायचं आणि ऑक्सिजनची पट्टी संपायच्या आत रेघेवर परत यायचं... कबड्डीच, पण पार आभाळात.

मला ऐकूनच भारी वाटलं होतं. पण बापाला काय, लेकीचं सगळंच भारी वाटते.

अडचण वेगळीच होती. गेम ज्यांना पाठवला त्यांनी चित्रांची तारीफ केली आणि थोडं खेळून सोडून दिला. तिकडून जुन्या ऑफिसचा निरोप आला होता, परत यायचं असेल तर सोमवारी सांग.

शनिवारी जेवताना ती म्हणाली, "बाबा, उद्या कबड्डीवाल्यांनीही मधेच ठेवून दिला ना, तर मी ऑफिसला हो म्हणून टाकते." भाजी वाढता वाढता तिच्या आईचा हात थांबला. मी म्हटलं, "बोरगावला चल. तिथले लोक तोंडावर सांगतात."

सेमीफायनलच्या आधी जेवणाची सुट्टी झाली आणि स्क्रीन सुरू केला. पहिले दोघं-तिघं खेळले. नारंगी आभाळ पाहून लोक वा वा करत होते, टाळ्याही वाजल्या...

पण माझं आयुष्य आवाजात गेलं आहे. दुसऱ्याचे भोंगे झाडावर चढून बांधण्यापासून सुरुवात केली मी. टाळी मनातून आली की भिडेखातर, हे मला पाठ करून उभा असलो तरी कळते. या टाळ्या भिडेच्या होत्या. मी मृणालकडे पाहिलंच नाही.

मग पांढुर्ण्याच्या संघाचा गजू पुढे आला. त्यांचा मुख्य चढाईवाला. कंट्रोलर त्यानं असा धरला, जसं कोणाचं तान्हं लेकरू हातात दिलं.

सौंसरचे खेळाडू मागून टोमणे मारून राहिले होते. "गजू, आधी मांडीवर थाप मार बे, नाही तं रोबोट भेणार नाही." त्यानं खरंच मारली.

गजू रेघ ओलांडून गेला... आणि मला काहीतरी ऐकू आलं. बारीक, एकसुरी. हा माणूस तोंडातल्या तोंडात 'कबड्डी-कबड्डी' म्हणत होता. गेमला त्याची काही गरज नव्हती, बटणं दाबली की झालं. पण रेघेपलीकडे पाय पडला की दम धरायचा, हे त्याच्या हाडात मुरलेलं.

मी काही विचार केला नाही. हातातला कॉर्डलेस माइक त्याच्या तोंडापुढे धरला.

सगळ्या मैदानावर तो आवाज घुमला. लोक जेवणाच्या प्लेटा घेऊन तसेच पुढे आले. स्क्रीनवर गजूनं एका रोबोटला शिवलं, दुसऱ्याला शिवलं, वळला... रेघ अगदी जवळ आली आणि त्याचा आवाज फाटला. त्यानं श्वास घेतला आणि कंट्रोलर खाली ठेवून दिला.

मृणालचा चेहरा पडला. "दादा, ठेवला काऊन? ऑक्सिजन अर्धा बाकी आहे अजून. चालवा ना."

"त्याचा बाकी हाय ताई," गजू धापा टाकत म्हणाला. "माहा दम तुटला. आउट झालो मी."

खुर्चीवर चहा पीत बसलेल्या पंचांनी सवयीनं शिट्टी वाजवली. सौंसरवाले ओरडले, "पॉइंट आमचा!" आता रोबोटांचा पॉइंट यांचा कसा झाला, हे कोणी विचारलं नाही. "सरक बे, तुह्या गावची हवा मी आणून देतो," म्हणत त्यांचा कॅप्टन पुढे आला. मग रांगच लागली, आणि प्रत्येकाला तोंडापुढे माइक पाहिजे.

हा गोंगाट भिडेचा नव्हता... मला विचारा.

सेमीफायनल पुकारायला पंचांना माइक हवा होता, तो त्यांना लवकर मिळाला नाही.

परतताना गाडीत, सौंसर यायच्या जरा आधी मृणाल म्हणाली, "बाबा, ती ऑक्सिजनची पट्टी मी काढूनच टाकते. खेळणाऱ्याचाच दम चालेल. आणि तुमचा माइक मला लागेल."

सोमवारी तिनं ऑफिसला नकार कळवला. मंगळवारी तिची आई जामसांवलीच्या मारुतीला जाऊन नारळ फोडून आली.

काल नवा गेम पाहिला. मला वाटलं होतं, आवाज तुटला की गेम आपोआप बाद करेल. तसं नाही. रोबोट जागच्या जागी थांबतात आणि स्क्रीनवर प्रश्न येतो, 'दम तुटला का?' हो की नाही, ते आपणच दाबायचं.

"बेटा, लोक खुशाल खोटं दाबतील," मी म्हटलं.

"दाबू द्या ना. गजूदादासारखा एक जरी निघाला, तरी हा गेम त्याच्यासाठी."

ती चहा घ्यायला खाली गेली आणि मी खेळून पाहिलं. रेघ ओलांडली आणि लगेच दम तुटला... वय झालं. खोलीत कोणी नव्हतं. बोट 'नाही'वर गेलं होतं, खोटं कशाला बोलू.

मग 'हो' दाबलं. गजू, ही पोस्ट तुझ्यापर्यंत पोचली, तर सौंसरला घरी ये. माइक आता माडीवरच राहणार आहे, आणि तो तुझ्यासाठीही आहे.