बांधावरचा फवारा आणि नर्मदाबाईंच्या कोंबड्या

अंगणवाडीतली मदतनिसाची नोकरी संपली आणि नर्मदाबाईंनी शिरपूरजवळच्या आपल्या गावी गावरान कोंबड्या पाळल्या. तीन वर्षांत एकवीस झाल्या. दिवसभर मोकळ्या फिरायच्या, दिवस मावळला की आपणहून खुराड्यात शिरायच्या.

एका मंगळवारी नर्मदाबाई बाजारातून परतल्या, तर बांधावर शेजारचा शेतकरी लोटन पाठीवर पंप घेऊन तणनाशक मारत होता. ओल्या गवतात कोंबड्या चोची मारत होत्या.

"लोटनभाऊ, थांब! मन्या कोंबड्या तठे शेतस!"

लोटनचा हात जागीच थांबला. "अक्का, माले दिसन्यातच नहीत!"

भांडत बसायला वेळ कुठे होता! नर्मदाबाईंनी ताटलीत ज्वारी खुळखुळवली. कोंबड्या धावत आल्या, तशा कोंडून घेतल्या. मोजल्या तर वीस. कबरी नावाची कोंबडी नव्हती.

त्यांनी पशुवैद्य शिल्पाताईंना फोन लावला. "आधी बाटलीवरचं वाचून सांगा. सगळी तणनाशकं सारखी नसतात," त्या म्हणाल्या. लोटननं बाटली धरली. चाळिशीत वाचायला शिकलेल्या नर्मदाबाईंनी चष्मा लावून ती बारीक अक्षरं एकेक करून वाचली.

"हे त्यातल्या त्यात कमी विषारी आहे, पण निर्धास्त राहू नका," शिल्पाताई म्हणाल्या. " हातमोजे घालून कोंबड्यांचे पाय आणि पिसं साबणाच्या कोमट पाण्यानं धुवा. प्यायला ताजं पाणी ठेवा. कुणी मान टाकली, हगवण लागली, तर लगेच घेऊन या. मी सांगेपर्यंत त्यांची अंडी खाऊ नका, विकूही नका."

दोघांनी मिळून वीस कोंबड्या धुतल्या. मग कबरीचा शोध सुरू झाला. लोटन बांध, विहीर, गोठा पालथा घालत होता. नर्मदाबाई ताटली खुळखुळवत अंगणभर फिरत होत्या. तेवढ्यात कापसाच्या वाळक्या पऱ्हाट्यांच्या ढिगामागून हाक आली, "अक्का, आठे शे!"

कबरी नऊ अंड्यांवर फुगून बसली होती. पिसं कोरडी, डोळे तेज, आणि लोटनच्या हातावर टोच मारायला तयार. नर्मदाबाई तिथेच जमिनीवर बसल्या आणि हसता हसता पदरानं डोळे पुसू लागल्या.

चार दिवस त्या रोज पहाटे श्वास रोखून खुराड्यात डोकावत. एकीनंही मान टाकली नाही. पाचव्या दिवशी शिल्पाताई स्वतः येऊन बघून गेल्या. "सगळ्या ठणठणीत आहेत. अंडी मात्र अजून आठवडाभर राहू द्या," म्हणाल्या.

तेव्हापासून लोटन फवारणीच्या आदल्या दिवशी सांगायला येतो. वारा असला तर पंप काढतच नाही. खुराड्याकडच्या पट्ट्यातलं गवत खुरप्यानं काढतो. बाटलीवर सांगितलेला वेळ सरून गवत पुरतं वाळल्याशिवाय नर्मदाबाईही दार उघडत नाहीत.

गेल्या महिन्यात कोंबड्या लोटनच्या हवाली करून त्या पुतणीच्या लग्नाला दोन दिवस जामनेरला जाऊन आल्या. कोंबड्यांच्या चौकशीसाठी त्याला फोन केला, पण एकदाच.