ऑरिनची चाचणीची फेरी

हॅडलीसाहेबांनी बग्ग्यांचा चालता कारखाना मोडून मोटारी करायला घेतल्या, तेव्हा सगळ्या विलोबी गावाने त्यांना वेड्यात काढलं. वर्षभरात तेच गाव नोकरीसाठी त्यांच्या दारात रांग लावून उभं राहिलं. गावाचं असंच असतं.

ऑरिन बेकविथ मात्र पहिल्या मोटारीपासूनचा माणूस. मोटारीचा सांगाडा जोडून झाला की बसायला त्यावर एक खोकं ठोकायचं, माणसांच्या वजनाची वाळूची पोती लादायची आणि नदीकाठच्या रस्त्याने फेरी मारून यायचं, हे त्याचं काम. इंजिन कुठे कुरकुरतंय ते नुसत्या कानाने हेरायचं. घरी बोलायला कुणी नव्हतं, म्हणून वाटेत तो पोत्यांशी बोलायचा. हसायला काय झालं? एकट्या माणसाला कुणीतरी लागतंच.

फेरीच्या टोकाला, पुलाजवळ, थर्झा पेल नावाची विधवा राहायची. इंजिनात पाणी घालायला तो थांबला की ती बादली आणून द्यायची, वर सफरचंदाचं सारण भरून भाजलेल्या ‘पाय’चा तुकडा. ‘बसा, एक चक्कर मारू’ एवढंच त्याला म्हणायचं होतं. चार वर्षं ते ओठांवर येऊन परत जात होतं.

एका ऑक्टोबरात ती फाटकापाशी पेटी घेऊन उभी दिसली.

“स्टेशनवर सोडता का? टोलेडोला चाललेय, भावाकडे. घर विकलं मी.”

ऑरिनने पोती उतरवली. एका खोक्यावर दोघं अंग चोरून बसले.

“रोज वाटायचं, आज तरी हा माणूस बसा म्हणेल,” थर्झा म्हणाली.

“मला वाटलं, तुम्हाला या धुडाची भीती वाटते.”

“भीती माझ्या कोंबड्यांना वाटायची. मला कशाला वाटेल?”

“मग... आता नाही गेलात तर?”

“भावजय वारली हो. तिची पोरं माझी वाट बघतायत.” मग म्हणाली, “उन्हाळ्यात विचारलं असतंत तर राहिले असते.”

आगगाडी आली नि तिला घेऊन गेली. ऑरिन फलाटावर उभ्याउभ्या रडला.

कारखान्यात हॅडलीसाहेबांनी नेहमीसारखं विचारलं, “काय म्हणतंय इंजिन?”

ऑरिनला काही सांगता येईना. वाटभर त्याने इंजिन ऐकलंच नव्हतं.

“कान कुठे गहाण टाकलेस? जा, परत फेरी मार.”

तो पुन्हा त्याच रस्त्याने निघाला. पुलाजवळच्या घराच्या खिडक्या बंद होत्या. या खेपेला इंजिन त्याला नीट ऐकू आलं, कारण शेजारी कुणी बोलत नव्हतं.