शंभर टक्क्यांचा गोल

समजा, तुम्हाला पाश्चात्त्य संस्कृतीवर लघुप्रबंध लिहायचाय, तोही माणसांत जाऊन, आणि तुम्ही राहता चाकूर तालुक्यात. आता शोधा पाश्चात्त्य माणूस. आठवडी बाजारात बघा, एसटी स्टँडवर बघा, तहसीलच्या रांगेत बघा. सापडलाच तर त्याला विचारा, तुमच्यात मामाच्या मुलीशी लग्न चालतं का.

पंचशीला ह्याच पेचात होती. नांदेडला ती मानवशास्त्रात एम. ए. करत होती आणि लघुप्रबंध मंजूर झाल्याशिवाय निकाल लागणार नव्हता. पाश्चात्त्य संस्कृतीचा पेपर रेणुकादास सर शिकवायचे. पश्चिमेला सर सोलापूरच्या पुढं कधी गेले नव्हते, पण पाश्चात्त्य माणूस त्यांना तोंडपाठ होता. तो व्यक्तिवादी असतो, भौतिकवादी असतो, त्याचं कुटुंब विस्कटलेलं असतं, म्हाताऱ्या आईबापांची त्याला फिकीर नसते आणि तो घड्याळाचा गुलाम असतो. पाच मुद्दे, प्रत्येकी दोन मार्क. पोरं ते वहीत उतरवून घ्यायची आणि पेपरात उतरवून द्यायची.

पंचशीला विषय मागायला गेली तेव्हा सर मायेनं म्हणाले, "तुम्ही तुमच्याच समाजावर लिहा. वस्तीतच राहता, माहिती आयती मिळेल."

वर्गातल्या श्रीनाथला त्यांनी जागतिकीकरण दिलं होतं. तू तुझ्या समाजावर लिही, असं त्याला कुणी म्हणालं नव्हतं. पंचशीलानं हे वहीत टिपून ठेवलं. शास्त्र शिकल्यापासून तिला सगळंच टिपायची खोड लागली होती. विषय मात्र तिनं पाश्चात्त्य माणूसच घेतला.

उन्हाळ्यात नशीब उघडलं. डेन्मार्कची मारेन नावाची संशोधक लातूरला आली. डॉक्टर होऊ पाहणाऱ्या पोरांसाठी गाव सोडून लातुरात खोली घेऊन राहणाऱ्या, त्यांना दोन वेळ रांधून घालणाऱ्या आयांवर ती प्रबंध लिहीत होती. तिला दुभाषी हवी होती. पंचशीला गेली आणि क्लासेसच्या गल्लीत तिच्या शेजारच्याच खोलीत दोन महिने राहिली. दिवसा मारेन आयांना प्रश्न विचारायची. संध्याकाळी पंचशीला मारेनला विचारायची. तसं तिनं आधीच सांगितलं होतं, आणि मारेनही हसून बरं म्हणाली होती.

आठवडाभर ठीक चाललं. मग पंचशीलानं विचारलं, तुझ्या वडिलांची दुसरी बायको तुझ्या आईकडं सणाला येते का? मारेनचा चेहरा उतरला. हे खासगी आहे, एवढंच ती म्हणाली. त्याच दुपारी तिनं औशाच्या एका बाईला नवऱ्याच्या दारूबद्दल तासभर विचारलं होतं. पंचशीलानं वहीत लिहिलं: 'पाश्चात्त्य माणसाला खासगी प्रश्न फार आवडतात. फक्त विचारायला.'

सरांचे मुद्दे एकेक करून गळायला लागले. मारेन रोज संध्याकाळी आईला फोन करायची आणि अर्धा तास गुडघेदुखीवर बोलायची. तुटकी चप्पल टाकायला तयार नव्हती, चांभाराकडून तिनं ती तीनदा शिवून घेतली. टिकला तो एकच मुद्दा, घड्याळाचा. बरोबर बारा वाजले की समोरची बाई रडत असली तरी मारेन डबा उघडायची. त्यात ब्रेड आणि उकडलेलं अंडं.

पंचशीलाची आई तारामती भाकरी-ठेचा घेऊन भेटायला आली आणि दिवसभर हे बघत बसली. जाताना म्हणाली, "ती लोकायच्या मागं वही घेऊन फिरून राहिली, तू तिच्या मागं. पोरी, कामाला कोण हाय मग?"

नांदेडला परत येऊन पंचशीलानं लघुप्रबंध सरांपुढं ठेवला. सरांनी वाचला नाही, चाळला.

"नमुना किती?"

"एक, सर."

"पन्नास लागतात. प्रश्नावली लागते. गोल आलेख लागतो. आलेख नाही तर शास्त्र नाही."

"सर, आपल्या पाच मुद्द्यांना किती नमुने होते?"

"ते पुस्तकातलं आहे," सर म्हणाले आणि लघुप्रबंध परत केला.

जमा करायला चार दिवस उरले होते. एकोणपन्नास गोरे नांदेडात आणायचे कुठून? गेटसमोरच्या झेरॉक्सवाल्याकडं बसून पंचशीलानं आलेख काढला. अख्खा गोल, एकाच निळ्या रंगानं भरलेला. खाली लिहिलं: 'दुपारी बारा वाजता जेवणारे पाश्चात्त्य: १०० टक्के.' शेजारी दुसरा: 'रोज आईला फोन करणारे पाश्चात्त्य: १०० टक्के.' असे सहा गोल.

सरांनी एकेक गोल डोळे बारीक करून पाहिला. "आता शास्त्रीय झालं," म्हणाले आणि सही केली.

तोंडी परीक्षेला उदगीरकडचे गुरुबसप्पा सर परीक्षक होते. पहिला गोल पाहून ते थांबले, दुसरा पाहून त्यांनी चष्मा काढून पुसला.

"गोल राहू द्या," ते म्हणाले. "बाराच का?"

"तीनदा विचारलं, सर. दर वेळी म्हणाली, बारा वाजले म्हणून."

"तुमच्या घरी?"

"ते तिनं माझ्या आईला विचारलं होतं. जेवणाची वेळ कशी ठरवता? आई म्हणाली, भूक लागली की. त्यावर तिनं दोन पानं लिहिली."

गुरुबसप्पा सर बराच वेळ हसले. मग त्यांनी मार्क लिहून कागद उलटा ठेवला. शेजारी बसलेल्या रेणुकादास सरांनाही हसावं लागलं, कशाला ते कळलं नसलं तरी.

पंचशीला पहिल्या वर्गात पास झाली. तिचा लघुप्रबंध आता विभागाच्या कपाटात आहे, आणि खालच्या वर्गाची पोरं तो उतरवून काढतात. यंदा एकानं आदिवासी विवाहपद्धतीवर सहा निळे गोल काढले, सगळे शंभर टक्के. सरांनी ते मंजूरही केले.

पंचशीलाचं समाधान मात्र झालेलं नाही. 'बाराच का' ह्या प्रश्नापुढची जागा रिकामीच राहिली, हे तिला आणि गुरुबसप्पा सरांनाच ठाऊक. परवा तिनं तो प्रश्न मारेनला व्हॉट्सॲपवर पुन्हा लिहून पाठवला. दोन निळ्या खुणा आल्या, उत्तर अजून नाही. प्रश्न असा: मारेनताई, खासगी वाटलं तर सोड, पण बारा वाजता तू डबा उघडायचीस तेव्हा तुला खरंच भूक लागलेली असायची का?