मास्तरांनी लिनक्स का टाकलं

कचेरीसमोरच्या गल्लीत मास्तर तीस वर्षं लोकांचे अर्ज टाइप करत आले. कॉम्प्युटरवरचं विंडोज काढून लिनक्स का टाकलंत, असं विचारा, छाती फुगवून सांगतील : व्हायरसची कटकट नाही, जुनं मशीनही पळतं, परवाना मागायला कुणी येत नाही. सगळं बरोबर. पण खरं कारण समोरच्या दुकानात बसायचं, आणि त्याला सगळी गल्ली ताई म्हणायची.

ताईला टायपिंग शिकवलं मास्तरांनीच. आता तिचा जुनापुराणा कॉम्प्युटर बटण दाबलं की हजर! इकडे मास्तरांच्या स्क्रीनवर ‘अपडेट चालू आहे, बंद करू नका’, आणि गिऱ्हाइकं काढता पाय घेऊन थेट समोर. मास्तरांचा नुसता जळफळाट व्हायचा. तिच्याकडची वीज गेली की त्यांना गार वाटायचं. मग आपलीही गेलीय हे ध्यानात यायचं.

“अहो, विचारा ना तिलाच, काय केलंय ते,” बायको म्हणाली.

“मी? तिच्यापुढे नाक घासू?”

शेवटी गेलेच. तिने आढेवेढे घेतले असते तर बरं झालं असतं, मनातल्या मनात चार शिव्या तरी हासडता आल्या असत्या. पण तिने हसत ड्रॉवरमधून पेनड्राइव्ह काढला.

“लिनक्स आहे, सर. फुकट असतं, कुणीही कुणालाही द्यावं. चला, मीच टाकून देते. आधी तुमच्या फायली बाजूला काढून ठेवू.”

स्वतःचं दुकान बंद ठेवून दुपारभर ती मास्तरांच्या खुर्चीत बसली. मास्तर शेजारी स्टुलावर. तिची बोटं भराभर चालत होती आणि यांच्या पोटात दुखत होतं. आभार मानताना तर जीभच वळेना.

दुसऱ्या दिवशी मास्तर इस्त्रीचा शर्ट घालून आले. कॉम्प्युटर क्षणात सुरू झाला. तेवढ्यात हातात कागद घेऊन एक आजी आल्या. ताईकडे पाच जण थांबले होते.

“या आजी, इथे लगेच होईल!”

“राहू दे हो, मास्तर. मला घाई नाही. ती सगळं नीट ऐकून घेते. तुम्ही मागच्या वेळी केवढे खेकसलात माझ्यावर!”

आजी समोरच्या बाकावर जाऊन टेकल्या. आजवर गिऱ्हाईक गेलं की मास्तर कॉम्प्युटरला बोल लावायचे. आता तो केव्हाचा तयार होऊन बसला होता.