जनसुनावणीतली माझी तीन मिनिटं

स्वतंत्र नियामक म्हणजे काय, हे मला झोपेतून उठवून विचारलं असतं तरी सांगता आलं असतं. दिल्लीत करोल बागेतल्या स्पर्धा परीक्षेच्या क्लासात सरांनी घोटून घेतलं होतं: विजेचे दर सरकारने ठरवायचे नाहीत, कंपनीनेही नाहीत, दोघांपासून दूर असलेल्या आयोगाने ठरवायचे. ग्राहकापासून तो किती दूर असावा, हे सरांनी सांगितलं नाही, आम्हीही विचारलं नाही. परीक्षेत येत नव्हतं ना!

आम्ही वीसेक मराठी मुलं एका काकूंच्या मेसवर जेवायचो. नवरा गेल्यावर त्यांनी आपल्या तळमजल्यावरच्या दोन खोल्यांतच मेस सुरू केली होती. तपासणीला आलेल्या वीज कंपनीच्या माणसाने मोठी पातेली आणि दोन फ्रिज पाहिले आणि त्यांचं घरगुती कनेक्शन व्यावसायिक करून टाकलं. बिल भरताना काकूंच्या नाकी नऊ यायला लागले. तेवढ्यात नव्या दरांवर आयोगाची जनसुनावणी जाहीर झाली आणि त्यांनी मला गाठलं.

"तुला बोलता येतं. एवढंच सांग त्यांना, बाई राहते तिथेच रांधते, तिला घरचा दर लावा. नाहीतर मला हे बंद करून सोलापूरला परत जावं लागेल."

एका वाक्याचं काम. पण एका वाक्यात उरकेल तो स्पर्धा परीक्षेचा उमेदवार कसला! दोन दिवस खपून मी भाषण लिहिलं. प्रस्तावना, दोन्ही बाजू, पुढची दिशा. टोकाचं लिहिलं की मार्क जातात, हे आमच्या हाडीमाशी भिनलेलं.

सभागृहात एक म्हातारे गृहस्थ बिल फडकावत ओरडत होते, "साहब, लूट है ये, लूट!" किती अडाणी माणूस, असं मला मनापासून वाटलं. आज त्या वाटण्याची किळस येते. अख्ख्या सभागृहात कामाचं बोलणारा तो एकटाच होता.

मला तीन मिनिटं मिळाली. व्यावसायिक दरांमुळे गरिबांची वीज स्वस्त राहते, हे मी मान्य केलं. कंपनीचा तोटा मान्य केला. घरातून चालणाऱ्या धंद्यांना सवलत दिली तर तिचा गैरवापर होईल, हेही मीच सांगितलं, कोणी विचारलेलं नसताना. काकूंपर्यंत पोचणार, तोच घंटा वाजली.

"बहुत संतुलित," अध्यक्ष म्हणाले. मी फुलून गेलो.

काही महिन्यांनी आदेश आला. काकूंनी तो माझ्यापुढे ठेवला. "मराठीत सांग." भाजी वाढून झाली होती. मी आदेशातलं नेमकं पान काढून भाषांतर करत गेलो, जरा ऐटीतच. घरगुती मेसना सवलत नाही. कारण, सुनावणीत एका विद्यार्थी ग्राहकानेच मान्य केल्याप्रमाणे, तिचा गैरवापर होईल.

मी आदेश मिटून ठेवला.

"हा कोण दीडशहाणा?" काकू म्हणाल्या. "कुठल्या बाईच्या हातचं खातो हा मेला?"

मी म्हणालो, "नाव नाही दिलेलं."

काकूंनी तव्यावरची पोळी माझ्या ताटात टाकली. "खा, गार होईल. महिनाअखेरपर्यंतच आहे आता."

मी खाल्ली. वर आणखी दोन मागून घेतल्या.