दहा रुग्णांची उत्तरं

ती दहा उत्तरं मी स्वतःच लिहिली होती. हे आजवर कुणाला सांगितलं नाही, बायकोलाही नाही.

बहात्तरच्या दुष्काळात मी नगरला क्षयाच्या एका दवाखान्यात नोकरीला होतो. रुग्णांना वाटायची माहितीपत्रकं लिहिणं हे माझं काम. मोठे डॉक्टर मजकूर वाचून पाहत, पण तेवढ्यावर पत्रक छापखान्यात जात नसे. कच्चा कागद घेऊन खेड्यात जायचं, दहा रुग्णांना वाचून दाखवायचा, मग तो घडी करून खिशात घालायचा आणि विचारायचं, "आता घरी जाऊन काय सांगाल?" जे सांगतील ते त्यांच्याच शब्दांत उतरवून आणायचं. "औषध मी तपासतो, कागद ते तपासतील," असं डॉक्टर म्हणत.

त्या खेपेला माझ्याकडे पाथर्डीपलीकडची गावं होती. पाथर्डीला उतरलो तर पुढची गाडी नाही. सहा-सात मैल चालायचं होतं. ऊन भयंकर होतं हे खरं, पण तसल्या उन्हात माणसं दिवसभर खडी फोडत होती. मी थकलो होतो, एवढंच. आधीच्या सगळ्या गावांनी, सगळ्या खोकल्यांनी थकलो होतो. स्टँडसमोरच्या हॉटेलात बसलो. हॉटेलवाल्याने कोरा चहा पुढे ठेवला.

"दूध इसरा आता, मास्तर," तो म्हणाला. "ढोरं गेली छावणीत."

तो कोरा चहा पीत मी दहा जणांची उत्तरं लिहिली. खरी वाटावीत म्हणून 'न्हाई', 'व्हय' घातलं. मधेच पेनही बदललं. डॉक्टर खूश झाले. "बघा, कशी बोलतायत माणसं!" म्हणाले. पत्रक छापलं गेलं.

त्यात एक वाक्य होतं : 'गोळ्यांसोबत दूध, अंडी असा सकस आहार घ्यावा.' औषधाच्या दृष्टीने त्यात चूक नव्हती.

चार-पाच महिन्यांनी, गोळ्या न्यायला येणं ज्यांनी थांबवलं त्यांच्या घरी मला पाठवलं. त्यात त्याच भागातली एक बाई होती. पोचलो तेव्हा ती नवऱ्याबरोबर खडीच्या कामावरून नुकतीच आली होती. अंगावर धूळ, गालाची हाडं वर आलेली.

"गोळ्या का सोडल्या, बाई?"

"सोडल्या कुठं? ह्या काय." तिने पत्र्याचा डबा उघडून दाखवला. आम्ही दिलेल्या जवळजवळ सगळ्या गोळ्या आत होत्या. "दूध न्हाई ना घरात. नुसत्या घेतल्या की पोटात लई आग पडती. दूध आलं की लागते घ्यायला." मग खोकतच हसली. "सरकारनं गोळ्या दिल्या, संगं म्हस बी द्यायची हुती."

नवरा चौथी शिकलेला. आढ्याला खोचलेलं पत्रक त्याने काढलं आणि बरोबर त्या ओळीवर बोट ठेवलं. "हितं लिवलंय, साहेब. दुधासंगं घ्या म्हनून. म्याच वाचून दावलं तिला."

एका तरी रुग्णाला मी खरंच विचारलं असतं, तर त्याने पहिलं हेच सांगितलं असतं. हे मला तिथे उभ्या उभ्या कळलं. आणि मी म्हणालो, "गोळ्या पाण्याबरोबर घेतल्या तरी चालतात. कागद बरोबर आहे. तुम्हीच नीट वाचला नाही."

तो ती ओळ पुन्हा वाचू लागला. बाईने त्याच्याकडे पाहिलं. "बघा की," ती म्हणाली, "मोठं शिकल्यालं माझं!" चेष्टेनेच म्हणाली.

तिने त्या संध्याकाळपासून गोळ्या सुरू केल्या. तिच्या कार्डावर मी लिहिलं, 'रुग्णाची हयगय.' पुढचं पत्रक छापताना ते वाक्य मी काढून टाकलं. डॉक्टरांनी विचारलं तेव्हा जागा पुरत नाही म्हणालो.

पाऊस पडल्यावर तिचा नवरा एकटाच दवाखान्यात आला. डबा टेबलावर ठेवला. "उरल्यात त्या कुनाच्या तरी उपेगी पडतील," म्हणाला. डॉक्टरांनी त्याला बसवलं, पाणी दिलं. पाणी तसंच हातात धरून तो म्हणाला, "माझंच चुकलं, साहेब. मला धड वाचता आलं न्हाई. तिचे चार महिने वाया घालवले म्या."

मी समोरच्या खुर्चीत होतो. ती उत्तरं माझ्यामागच्या कपाटात होती. डॉक्टर त्याची समजूत घालत राहिले, आणि मी डब्यातल्या गोळ्या मोजून रजिस्टरला लावल्या.

नंतर माझी बदली झाली. आता माझी पन्नाशी उलटली. त्या गावाच्या पाटीवरून दोनदा गेलो, दोन्ही वेळा एसटीत बसून राहिलो. तो हयात असेल तर साठीला आला असेल.

त्याने ते वाक्य बरोबर वाचलं होतं. त्याच्यासमोर उभं राहून हे त्याला सांगणं माझ्याकडून अजून बाकी आहे.